पेन्सिल सेलचा कॅमेरा

विदर्भातल्या खेड्यांत 'बॅटरी' म्हटलं की आजही अनेकांना आधी टॉर्च आठवते. रात्रीची लाइन आली म्हणून वावरात पाणी द्यायला निघालेला माणूस हातात बॅटरी घेतो आणि त्या बॅटरीत सेल घालतो. 'विजेरी' हा सुरेख शब्द पाठ्यपुस्तकातून बाहेर फारसा पडलाच नाही. बोलीतली ही वाटणी मला फार नेमकी वाटते. वस्तू वेगळी आणि तिला चालवणारा जीव वेगळा, हे ती जाणते. सेल म्हणजे खपणारी, मोजून वापरायची, पुन्हा विकत आणायची चीज, हेही जाणते. गेल्या शतकाच्या अखेरीस घरगुती वापराचे डिजिटल कॅमेरे आले तेव्हा त्यांच्याविषयीचं बहुतेक बोलणं मेगापिक्सेलचं होतं. सेल यायचे ते माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, जोडसामानाच्या यादीत. कव्हर, पट्टा, केबल, कार्ड यांच्या रांगेत. माझं म्हणणं असं आहे की ती यादी शेवटाकडून वाचायला हवी होती. वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात असा कॅमेरा कुणाच्या हाती टिकणार, काय टिपणार, काय त्याच्या हातून निसटणार आणि वीस-पंचवीस वर्षांनी त्यातलं काय चालू राहणार, हे त्याच्या भिंगापेक्षा त्याच्या पोटातल्या सेलांनी जास्त ठरवलं.

कॅमेऱ्याबरोबर लवाजमा चालत आलाच आहे. रॉबर्ट गिलने १८६० च्या दशकात अजिंठ्याचे फोटो घेतले तो काळ ओल्या काचेचा. काचेवर द्रावण ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा आणि ओलं आहे तोवरच काच धुवायची. म्हणून अंधारा तंबू, बाटल्या, पाणी असा सगळा संसार डोंगरात न्यावा लागे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि वाटाण्याचं रोप उगवताना टिपून 'अंकुराची वाढ' ही छोटी फिल्म केली. तो कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा आणि त्याला उजेड पुरवायचा सूर्य. पुढे तालुक्याच्या गावी स्टुडिओ थाटलेल्या फोटोग्राफरांच्या गळ्यात पेंटॅक्स के१०००, याशिका एफएक्स-३ असे कॅमेरे आले. त्यांतला बटणाएवढा सेल फक्त उजेडाचं मोजमाप दाखवायचा. तो संपला तरी शटर चालायचं आणि अंदाजपंचे का होईना, फोटो निघायचा. पेन्सिल सेल लागत ते फ्लॅशला, आणि फ्लॅश बंद पडला तर नवरा-नवरीला मांडवाबाहेर उन्हात उभं करता येई. हे सगळं आठवण्याचं कारण एवढंच की दीडशे वर्षं कॅमेऱ्याला काच लागली, रसायन लागलं, फिल्म लागली, पण अशा कॅमेऱ्यांचे डोळे विजेवाचून मिटत नसत. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र तसं झालं. वीज नसेल तर त्याला उजेडच कळत नाही.

ही भूक त्याच्या जन्मापासूनची. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचं वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र शंभर बाय शंभर ठिपक्यांचं, ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची, आणि एवढ्यासाठी त्याला निकेल-कॅडमियमचे १६ सेल लागायचे. १९९४ च्या ॲपल क्विकटेक १०० मध्ये तीन पेन्सिल सेल होते आणि मोठ्या आकाराचे फोटो मावायचे आठ. १९९५ साली कॅसिओच्या क्यूव्ही-१० ने पाठीवर रंगीत पडदा बसवला. फोटो काढला की तिथल्या तिथे बघायचा. लोकांना भुरळ पडली ती याच पडद्याची, आणि चार सेलांचा फडशा पाडण्यातही त्याचाच वाटा मोठा होता, कारण त्याच्या मागे सतत दिवा जळत असे. शिवाय त्या काळच्या कॅमेऱ्यांत चित्र टिपणाऱ्या चिपला वेगवेगळ्या दाबांची वीज लागे, भिंग पुढे-मागे करायला मोटर लागे, आणि प्रत्येक फ्लॅशआधी कॅमेऱ्यातलं धारित्र सुमारे तीनशे व्होल्टपर्यंत भरावं लागे. ही सगळी मागणी एकाच क्षणी आली की सेलांतून एक अँपिअरहून जास्त प्रवाह खेचला जायचा. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला. त्याच्या आगेमागे दोन मेगापिक्सेलचे कॅमेरे बाजारात येत होते. १९९९ चा निकॉन कूलपिक्स ९५० हा त्या पिढीतला नावाजलेला कॅमेरा, आणि तोही चार पेन्सिल सेलांवर चालणारा, सेलांच्या बाबतीत तितकाच खादाड.

आता पेन्सिल सेल म्हणजे खेड्यातल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळणारी वस्तू. मग अडचण कसली? अडचण अशी की दुकानातला तो स्वस्त, जस्त-कार्बनचा सेल टॉर्चसाठी आणि ट्रान्झिस्टरसाठी घडवलेला होता. त्याच्या पोटात वीज असते, पण तिला बाहेर यायला वाट अरुंद. रांजण काठोकाठ भरलेला आहे आणि तोटी मात्र बारीक, अशी त्याची गत. ट्रान्झिस्टरला पेलाभर पाणी हळूहळू चालतं. कॅमेऱ्याला एकदम बादली हवी असते. बादली मागितली की सेलचा दाब कोसळतो, कॅमेरा समजतो सेल संपले आणि लाल खूण दाखवून मिटतो. नवे कोरे चार सेल घालून पाच-सात फोटोंत कॅमेरा बंद पडतो, तो यामुळे. अल्कलाइन सेल महाग, त्यांची तोटी थोडी रुंद, पण कॅमेऱ्यापुढे त्यांचीही दमछाक व्हायची. ट्रान्झिस्टरच्या काळापासून आपल्याकडे सेल उन्हात ठेवायची रीत आहे. तिला अडाणीपणा समजू नये. उष्णतेने सेलच्या आतली रासायनिक क्रिया वेग घेते, वाट थोडी मोकळी होते आणि सेल घटकाभर जिवंत होतो. याची दुसरी बाजूही घराघरांत सिद्ध झालेली आहे. कॅमेऱ्याने टाकून दिलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला की ते घड्याळ पुढे महिनोन् महिने चालतं. सेल कुठे संपलेला असतो? तो फक्त कॅमेऱ्यापुरता संपलेला असतो. 'सेल गेला' या शब्दांचा अर्थ वस्तूगणिक बदलतो, आणि कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकांनी ही साधी गोष्ट गिऱ्हाइकाला कधी नीट समजावून सांगितली नाही, याचं मला वाईट वाटतं.

यावर उपाय होता तो चार्जिंगच्या सेलांचा. निकेल-मेटल हायड्राइडचे सेल दीड व्होल्टऐवजी सव्वाच्या जवळपास दाब देतात, पण तोटी रुंद आणि पाचशे वेळा तरी पुन्हा भरता येतात. शहरातल्या माणसासाठी प्रश्न इथे मिटला. खेड्यात तो इथून सुरू झाला. हिशेब करून पाहावा. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचे चार सेल भरायला, वाया जाणारी वीज धरून, साधारण १५ वॅट-तास लागतात. एका युनिटमध्ये असे चार सेल साठाहून अधिक वेळा भरतील. पाच अश्वशक्तीचा मोटारपंप तेवढी वीज पंधरा सेकंदांत ओढतो. म्हणजे कॅमेऱ्याला लागणारी वीज नगण्य होती. कमी होती ती सलग वीज. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं. त्याच्या आगेमागेच्या वर्षांत राज्याची तूट काही हजार मेगावॅटांवर गेली आणि खेड्यांतलं भारनियमन बारा तासांपर्यंत, कुठे कुठे त्याच्याही पुढे गेलं. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस ही औष्णिक केंद्रं विदर्भातली आणि अंधारही विदर्भातल्याच गावांना, ही सल त्या काळी फार खोल होती. कॅमेऱ्यासोबतचे स्वस्त चार्जर बारा-चौदा तास घ्यायचे. त्यांतले काही घड्याळावर चालत. ठरलेले तास भरले की आपोआप बंद. पण लाइट गेली आणि परत आली की त्यांची मोजणी पहिल्यापासून सुरू होई. दिवसातून तीनदा लाइट गेली तर अर्धे भरलेले सेल पुन्हा पूर्ण मुदतीने भरले जात, तापत आणि कायमचे अधू होत. बनवणाऱ्याने चार्जर सदा वाहत्या विजेसाठी घडवला होता, आणि तो लागणार होता भारनियमनाचं वेळापत्रक पाहून दळण टाकणाऱ्या घरात.

त्यात उन्हाळा. आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मेची, आणि वाशिमकडचा मे महिना पारा चाळिशीच्या पुढे नेणारा. त्या काळचे हायड्राइडचे सेल नुसते ठेवले तरी रिकामे होत जायचे. साध्या हवेत महिन्याभरात पाव हिस्सा, आणि हवा जितकी तापलेली तितका झरा मोठा. शिवाय चार सेल एका माळेत असतात, तेव्हा चौघांतला दुबळा सगळ्यांचा वेग ठरवतो. जोडीतला एक बैल बसला की औत थांबतं, मग दुसरा कितीही नेटाचा असो. म्हणून जाणते फोटोग्राफर सेलांवर पेनाने खुणा करून त्यांचे संच वेगळे ठेवत, एका संचातला सेल दुसऱ्यात मिसळू देत नसत. कंपन्या देत त्या आकड्यांत यातलं काहीच नसे. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेने, सीपा तिचं नाव, २००३ साली एका चार्जमध्ये किती फोटो निघतात हे मोजायची ठरीव पद्धत आणली. पडदा चालू, दर तीस सेकंदांना एक फोटो, एकाआड एक फोटोला फ्लॅश, दर दहा फोटोंनी कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू, आणि खोलीचं तापमान २३ अंश. पद्धत प्रामाणिक होती. त्याआधी ज्याने त्याने आपल्या सोयीचे आकडे छापायचे, ते थांबलं. पण रात्रीच्या मांडवात एकाआड एक फ्लॅश चालत नाही, दर फोटोला लागतो. वराती थांबून तीस सेकंदांची वाट पाहत नाहीत. आणि २३ अंश रिठदला मिळतात ते हिवाळ्यात. मोजमाप कुठल्या खोलीत घेतलं आहे हे विचारल्याशिवाय कुठलाच आकडा आपला मानू नये.

इथे सर्वांत वजनदार आक्षेपाला भिडायला हवं. डिजिटल कॅमेऱ्याने फोटो फुकट केला, असं म्हणतात. छत्तीसचा रोल विकत घ्या, तो धुवायला द्या, आलेल्या प्रतींतल्या चार हललेल्या निघणार, ही रड त्याने संपवली; मग चार सेलांची कुरकूर कशाला? यात तथ्य आहे आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. स्टुडिओवाल्याचा रोलचा खर्च खरोखरच वाचला, चुकलेला फोटो पुसून टाकता यायला लागला, नवशिक्याला हात बसवायला मोकळीक मिळाली. पण खर्च गेला नाही, त्याने जागा बदलली. आधी तो रोलमध्ये होता, आता सेलांत, चार्जरमध्ये, दुसऱ्या संचात आणि लाइट कधी येईल या वाट पाहण्यात होता. रोलवर ३६ हा आकडा छापलेला असायचा. सेलवर फोटोंचा कुठलाच आकडा नसे. त्यामुळे कंजुषी उलट वाढली. पाठीवरचा पडदा, ज्याच्यासाठी कॅमेरा घेतला, तोच बंद ठेवायचा आणि वरच्या इवल्याशा काचेच्या खिडकीला डोळा लावून फोटो घ्यायचा, ही त्या काळातली रूढ शहाणपणाची युक्ती होती. मंगलाष्टकांपर्यंत सेल पुरवायचे म्हणून हळदीचे फोटो आवरते घ्यायचे. फोटो फुकट असता तर अशी काटकसर कुणी कशाला केली असती?

या काटकसरीने काय टिपलं जाणार हेही ठरवलं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. लग्नाला मुहूर्त असतो, गारपिटीला नसतो. ज्याची तारीख आधी माहीत आहे त्याच्यासाठी आदल्या रात्री, किंवा त्याच्याही आदल्या रात्री, सेल भरून ठेवता येतात. लग्न, गॅदरिंग, सत्कार, पुढाऱ्याच्या हस्ते भूमिपूजन, यांची तयारी करता येते. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तपासणीची समिती कधी येणार हेही गावाला ठाऊक असायचं. पण सोंगलेलं सोयाबीन अवकाळी पावसात भिजलं, नाल्याला अचानक पूर आला, डवरणीच्या एखाद्या सकाळी तासांवर विलक्षण उजेड पडला, तर त्यासाठी कॅमेरा आधीपासून सज्ज असावा लागतो. महिनाभर खुंटीला टांगलेल्या कॅमेऱ्यातले चार्जिंगचे सेल तेव्हा रिते असायचे. यावर कुणी म्हणेल की रोलच्या जमान्यातही खेड्यातले फोटो समारंभांचेच असायचे. ही सवय लोकांची, दोष सेलांना का द्यायचा? सवय होती हे खरं. तरी फरक आहे. अर्धा वापरलेला रोल घातलेला यांत्रिक कॅमेरा सहा महिने पेटीत पडून राहिला तरी बाहेर काढताक्षणी फोटो द्यायचा. तयारीत राहण्याच्या बाबतीत पहिला डिजिटल कॅमेरा त्याच्या मागे होता, पुढे नव्हे. याचा सर्वांत मोठा फटका कुणाला बसू शकत होता हे पाहिलं तर गावातल्या वार्ताहराकडे बोट जातं. त्याच्या कामाला मुहूर्त नाही आणि त्याच काळात जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला रंगीत फोटो हवा होता. सान्योने २००५ च्या अखेरीस एनेलूप नावाचे सेल आणले. वर्षभर पडून राहिले तरी त्यांत मोठा हिस्सा शिल्लक राहायचा. मेगापिक्सेल दोनाचे पाच झाले त्यापेक्षा हा बदल मला मोठा वाटतो, कारण त्याने अनपेक्षित गोष्टींचे फोटो पुन्हा शक्य केले.

दुसरा आक्षेप तंत्राच्या बाजूने येतो. पेन्सिल सेलांचं एवढं पुराण लावता, पण लिथियम-आयन बॅटरी सगळ्याच बाबतींत सरस होती: हलकी, दमदार, ठेवून न गळणारी. कॅमेऱ्यांनी तिच्याकडे जाणं हीच प्रगती होती. दम आणि वजन याबद्दल वादच नाही. वाद आहे तो आकाराचा. प्रत्येक कंपनीने आपली बॅटरी वेगळी केली आणि एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांतही ती बहुधा एकमेकांना बसेना. अशी बॅटरी रिठदच्या दुकानात येणं शक्यच नव्हतं. वाशिमला किंवा अकोल्याला गेलं तरी 'मागवावी लागेल' हे उत्तर ठरलेलं. लिथियम वापरलं नाही तरी वयाने झिजतं. कॅमेरा धडधाकट, भिंग स्वच्छ, आणि त्याची बॅटरी बनवणं कंपनीने थांबवलं की तो खोक्यात. तरी मी लिथियमच्या विरोधात नाही, आणि याचा पुरावा लिथियमच्याच घरात आहे. सोनीने १९९७ साली माव्हिका एफडी५ आणि एफडी७ हे कॅमेरे आणले. त्यांची एनपी-एफ मालिकेची बॅटरी हँडीकॅमलाही चालायची आणि किती मिनिटं उरली हे पडद्यावर सांगायची. पुढे व्हिडिओच्या एलईडी दिव्यांनी तोच आकार उचलला, म्हणून आज पंचवीस वर्षांनंतरही तशी बॅटरी नवी मिळते. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या पिशवीत ती सापडेल. नोकियाच्या बीएल-५सीचंही तसंच. २००७ मध्ये त्या बॅटरीच्या ४ कोटी ६० लाख नगांबद्दल नोकियानेच सावधगिरीचा इशारा दिला तेव्हा देशभर घबराट झाली होती. तरी ती टिकली, कारण छोटे एफएम रेडिओ आणि भजनं वाजवणारे स्पीकर यांच्यासाठी इतरांनी तोच आकार स्वीकारला. तेव्हा रसायन कुठलं हा मुद्दा दुय्यम. ती सामाईक आहे की एकट्याची, हा मुद्दा खरा.

वावरातली सामाईक विहीर ज्यांना माहीत आहे त्यांना हे अधिक उलगडून सांगायची गरज नाही. तिच्यावर पाळी लावावी लागते, भांडणं होतात, गाळ कुणी काढायचा यावरून वर्षं जातात. पण एक भाऊबंद गाव सोडून गेला म्हणून ती आटत नाही. पेन्सिल सेल असा सामाईक होता: टॉर्चमध्ये, घड्याळात, रेडिओत, फ्लॅशमध्ये, कॅमेऱ्यात. त्याचे दोषही सामाईक विहिरीसारखेच. हलका माल आणि चांगला माल एकाच आकारात एकाच बरणीत मिसळलेला, ओळखायचा कसा? आणि विसरलेल्या सेलला पाणी सुटतं. अल्कलाइन सेलमधून पाझरणारा क्षार पत्र्याच्या पट्ट्या खातो, आणि त्या पिढीतले कॅमेरे सेल न मिळाल्याने मेले त्याहून सेल आत राहून गेल्याने कमी मेले असतील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जोडसामानात आणखी एक अडसर होता, कार्डाचा. स्मार्टमीडिया आणि एक्सडी ही कार्डं बंद पडली आणि पेन्सिल सेलांवरचे कित्येक कॅमेरे त्यापायी निकामी झाले. एका बाजूने सामाईक असून भागत नाही, हे त्यातून दिसलं. माव्हिकाने इथेही शहाणपण दाखवलं होतं. ती साध्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर फोटो साठवायची. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले तेव्हा फ्लॉपी ही तिथल्या संगणकांच्या ओळखीची गोष्ट होती. केबल नको, वेगळं यंत्र नको. फोटोचा आकार लहान आणि लिहायला वेळ फार, ही किंमत मात्र मोजावी लागे. सगळे कॅमेरे पातळ आणि देखणे व्हायचे तर सामाईक आकार सोडावाच लागेल, असं कंपन्यांचं म्हणणं असे. पातळपणापुरतं ते बरोबर आहे. पण कॅननने २०१२ सालच्या पॉवरशॉट ए१३०० मध्येसुद्धा दोन पेन्सिल सेल आणि डोळ्याला लावायची काचेची खिडकी ठेवली होती, हेही लक्षात घ्यायला हवं. करायचं ठरवलं तर ते शेवटपर्यंत करता आलं.

शेवटचा आक्षेप सगळ्यात सोपा: मोबाइल आला आणि हा सगळा प्रश्न संपला. सीपाच्या सभासद कंपन्यांनी २०१० साली जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते. २०२३ साली तो आकडा एक कोटीच्याही खाली होता. आज गारपिटीचे फोटो गारा वितळायच्या आत जिल्हाभर फिरतात, नुकसान दाखवायला शेतकरी बांधावरून स्वतः फोटो पाठवतो, आणि हे मला मनापासून मोलाचं वाटतं. ज्याच्या पिकाचं नुकसान झालं त्याच्याच हाती पुरावा आला. प्रश्न मात्र संपला नाही, तो चिकटवलेल्या पत्र्याआड गेला. त्या एका बॅटरीवर आता बोलणं, बँक, बाजारभाव, वीजबिल आणि फोटो असं सगळं चालतं, आणि ती दोन-तीन वर्षांत म्हातारी झाली की उघडून दुसरी घालायची सोय घरच्या माणसाला ठेवलेली नाही. दुकानात आणखी चार सेल मागायचे आणि पुढे चालायचं, एवढी साधी मोकळीक पेन्सिल सेलच्या कॅमेऱ्यात होती. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरीविषयक नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता येतील अशा असाव्या लागणार आहेत, काही अपवाद वगळून. भारतात २०२२ साली आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांचा भर वापरून झालेल्या बॅटऱ्या उत्पादकाने गोळा करण्यावर आणि त्यांतली द्रव्यं पुन्हा वापरात आणण्यावर आहे. ते हवंच. पण बॅटरी कचऱ्यात जाण्याआधी तिच्या मालकाला ती बदलता यावी, ही मागणी आपल्याकडे तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यापासून निघायला हवी. उघडायला न देणाऱ्या वस्तूंशी रोज झटतो तो तोच.

दरम्यान मला आश्वासक वाटणारी एक गोष्ट घडते आहे. शहरांतली तरुण मुलं आईवडिलांच्या कपाटातले जुने डिजिटल कॅमेरे शोधून काढताहेत. त्यांतल्या ज्यांची बॅटरी खास घाटाची होती त्यांच्यासाठी शोधाशोध होते, कुणीतरी बनवलेली नक्कल जपून वापरावी लागते. पेन्सिल सेलवाल्यांचं तसं नाही. सेलांचं झाकण उघडायचं, पट्ट्यांवर पांढरा क्षार साचला असेल तर कापसाने लिंबाचा रस लावून तो काढायचा, कोरडं करायचं आणि चार्जिंगचे चार चांगले सेल खुणा पाहून घालायचे. त्याच्या जन्माच्या वेळी मिळत होते त्याहून हे सेल कितीतरी दमदार आहेत. कार्ड शाबूत असेल तर त्यावर मांडवातले चेहरे अजून असतील. कॅमेऱ्याच्या आतलं घड्याळ मात्र इतक्या वर्षांत थांबलेलं असतं, म्हणून भिंग बाहेर येतं, पडदा उजळतो आणि तो आधी आजची तारीख विचारतो.